प्रेमनगर ते त्सांगचोक-ला : एकोणीस दिवसांची पळवाट

हाइन्रिश हारर आणि पीटर आउफश्नाइटर हे दोन ऑस्ट्रियन गिर्यारोहक १५ जानेवारी १९४६ ला ल्हासात पोचले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ब्रिटिशांच्या नजरकैदेतून पळाल्यावरचे, डेहराडूनजवळच्या प्रेमनगर छावणीच्या फाटकापासून तिबेटच्या हद्दीवरच्या त्सांगचोक-ला खिंडीपर्यंतचे पहिले एकोणीस दिवस, म्हणजे २९ एप्रिल ते १७ मे १९४४, मात्र दोन-चार वाक्यांत उरकले जातात. ही सगळी वाट गढवालातून जाते. नागटिब्बा, उत्तरकाशी, हर्षिल, नेलांग ही नावं मराठी ट्रेकरला नवी नाहीत. फाटकातून बाहेर पडण्याचा प्रसंग रंगतदार आहेच, पण पळणाऱ्यांचा खरा कस लागला तो पाठीवरच्या ओझ्यात आणि पिठाच्या पिशवीत.

आधी थोडं मागचं

१९३९ च्या उन्हाळ्यात चार जणांची जर्मन तुकडी नंगा पर्वताच्या दियामिर बाजूची टेहळणी करून कराचीला उतरली. म्होरक्या आउफश्नाइटर, सोबत हारर, लुट्झ चिकन आणि हान्स लोबेनहोफर. परतीची बोट येईना. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं आणि चौघेही ब्रिटिशांचे नजरकैदी झाले. आउफश्नाइटर १९२९ आणि १९३१ च्या कांचनजंगा मोहिमांतला मुरलेला माणूस. हारर १९३८ मध्ये आल्प्समधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत पहिल्यांदा चढलेल्या चौघांपैकी एक. तो एसएस या नाझी संघटनेचा सभासदही होता, आणि ही गोष्ट जगजाहीर झाली ती थेट १९९७ मध्ये. त्याच्या धाडसाचं कौतुक करताना ही नोंद बाजूला ठेवू नये.

कराचीहून रवानगी झाली ती नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आणि पुढे देवळालीला. या काळात पळून गाठायचं ठिकाण होतं गोवा. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, त्यामुळे गोव्याच्या हद्दीत शिरलं की ब्रिटिशांचा हात तिथं पोचत नव्हता. कैद्यांना लॉऱ्यांतून हलवत असताना हारर आणि लोबेनहोफरनं उड्या टाकल्या. एका लॉरीत अठरा कैदी आणि पहाऱ्याला एकच शिपाई, असा तो हिशेब होता. लोबेनहोफर तिथल्या तिथं सापडला आणि बेत बारगळला. बारगळला ते बरंच झालं म्हणायचं. नगर-नाशिकच्या उघड्या माळावरून सावंतवाडीकडे चारशे किलोमीटर लपतछपत चालायचं, गोरा रंग आणि गावोगाव पोलीस पाटील. डोंगरातल्या माणसाची करामत तिथं काय कामाची?

१९४१ मध्ये डेहराडून आलं आणि गणित पालटलं. प्रेमनगरहून तिबेटची हद्द सरळ रेषेत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, आणि मधे सगळा डोंगर.

छावणीची रचना

सात मोठे विभाग, प्रत्येकाभोवती काटेरी तारेचं दुहेरी कुंपण. सगळ्या छावणीला मिळून बाहेरून तारेच्या आणखी दोन रांगा, आणि त्या दोन रांगांमधून सतत गस्त. विभागा-विभागांमधे मोकळ्या गल्ल्या सोडलेल्या होत्या. त्यांतल्या काहींवर पहारा सैल असायचा. नीट पाहिलं तर कमकुवत दुवा तारेचा नव्हता, खांबांचा होता. लाकडी खांबांना वाळवी लागायची, ते सारखे बदलावे लागायचे, आणि त्यासाठी शिडी, तारेचं भेंडोळं, डांबराचा डबा घेतलेली मजुरांची टोळी गोऱ्या देखरेख्याबरोबर छावणीत रोज फिरताना दिसायची. रोज दिसणाऱ्या माणसाकडे पहारेकरी बघत नाही.

१९४३ मध्ये हारर इटालियन जनरल मार्केसेबरोबर एकदा निसटला होता. यमुना, अगलाड, भागीरथी या मार्गानं ते नेलांगपर्यंत गेले आणि तिथं पकडले गेले. शिक्षा अठ्ठावीस दिवसांची एकांतकोठडी. पण त्या फेरीत वाट पायाखालून गेली. पाणवठे कुठं, गावं कुठं, कुत्री कुठं भुंकतात, दिवसा पडून राहायला आडोसा कुठं, हे सगळं डोक्यात बसलं. त्याच वर्षी हान्स कॉप हा दुसरा कैदी क्रेमर नावाच्या पहिलवानाबरोबर थेट तिबेटात शिरून आला होता. १९४४ ची सुटका म्हणजे या दोन फसलेल्या सुटकांची सुधारित आवृत्ती.

२९ एप्रिल, दुपार

जेवणं उरकल्यावर सात जण एका कमी पहाऱ्याच्या गल्लीजवळच्या झोपडीत जमले: रोल्फ मागेनर, हाइन्स फॉन हावे, आउफश्नाइटर, ब्रूनो ट्राइप्ल, कॉप, साटलर आणि हारर. मागेनर आणि हावे यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचा गणवेश चढवला. बाकीच्यांनी डोकी भादरून, तोंडं काळी करून, पांढरी पागोटी बांधली. छावणीत रंगभूषा जाणणारे कैदी होतेच, त्यांनी झटपट हात चालवले.

सामानाची मांडणी बघण्यासारखी आहे. शिडी आदल्या रात्रीच कुंपणाजवळ नेऊन ठेवलेली. तारेचं भेंडोळं खांबाला अडकवून दोघांच्या खांद्यावर. बाकीचं सामान पांढऱ्या कपड्यांखाली आणि गाठोड्यांत, कारण मजुराच्या डोक्यावर-काखेत गाठोडं असतंच. साहेबांच्या हातात निळ्या आराखड्यांच्या गुंडाळ्या आणि छड्या. कुंपणाला भोक आधीच पाडलेलं होतं. तिथून सगळे एकामागून एक गल्लीत उतरले.

गल्लीपासून मुख्य फाटक तीनशे यार्डांच्या आसपास. मधे एकदाच थांबावं लागलं. फाटकाजवळून एक सार्जंट मेजर सायकलवरून चालला होता, तेवढ्यात साहेबांना तारेची बारकाईनं पाहणी करावीशी वाटली. फाटकावरच्या शिपायांनी सलाम ठोकला आणि टोळी बाहेर पडली. साटलर बराकीतून उशिरा निघाला होता. तो एकटाच, काळं तोंड, हातात डांबराचा डबा हलवत मागून आला, आणि त्यालाही कुणी हटकलं नाही. खरं तर हीच जागा बेत उधळण्याची. टोळी पुढे गेल्यावर मागून धावत येणारा एकटा मजूर कुणाच्याही नजरेत भरतो. त्याच्या हातातल्या डब्यानं त्याला वाचवलं.

झुडपात शिरल्यावर सोंगं उतरली. आत खाकी कपडे होते. इथून तीन वाटा फुटल्या. मागेनर आणि हावे रेल्वेनं कलकत्त्याला आणि तिथून ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे गेले. फर्डं इंग्रजी आणि गणवेश ही त्यांची शिदोरी. महिन्याभरात ते जपानी फौजेपर्यंत पोचले. आउफश्नाइटर, ट्राइप्ल, कॉप आणि साटलर हे चौघे मसुरीवरून जाणाऱ्या सरळ रस्त्यानं गंगेच्या खोऱ्याकडे निघाले. हारर एकटा, आपल्या जुन्या वाटेनं.

२९ एप्रिल, रात्र

वैशाखाचा शुद्ध पक्ष, सप्तमी-अष्टमीच्या आसपासची तिथी. अर्धा चंद्र मध्यरात्र उलटेपर्यंत उजेड देतो आणि मग मावळतो. पुढच्या आठवड्यात चंद्र रोज जास्त वेळ राहणार, पौर्णिमा मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर. रात्रीच चालायचं ठरवलेल्या माणसाला महिन्यातला यापेक्षा चांगला पंधरवडा मिळत नाही. मात्र या दिवसांत अंधार असतो जेमतेम साडेआठ तास, मैल जोडायचे ते तेवढ्यातच.

मसुरीच्या धारेच्या पश्चिम टोकाकडून यमुनेवर उतरायचं आणि तिला मिळणाऱ्या अगलाडच्या पात्रातून वर सरकायचं, अशी ही वाट. अगलाड हिमनदीतून येत नाही, त्यामुळे एप्रिलअखेर तिला पाणी कमी. जुलैत याच पात्रात पाय ठेवता येणार नाही. पण अरुंद खोऱ्यात नदी एकदा या काठाला, एकदा त्या काठाला घासून वाहते आणि दर वळणावर ती ओलांडावी लागते. त्या एका रात्रीत हारर पात्रात चाळीसएक वेळा उतरला. पायात कोरे कॅनव्हासचे टेनिस बूट होते, सकाळपर्यंत त्यांचे तळवे फाटून गेले. कारण साधं आहे: भिजलेल्या बुटात पाय सरकतो, तळवा गोट्यांवर पिळतो, आणि वर सॅकचं वजन. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा धरला तरी वीस दिवसांचे पंधरा किलो होतात. त्यावर पांघरूण, भांडं, औषधं, जादा बूट. तेवढ्या ओझ्याखाली टेनिस बूट घालणं ही चूकच, पण जड बूट दगडावर वाजतात आणि भिजले की दोन दिवस वाळत नाहीत.

पहाटे तो जिथं थांबला, तिथं पोचायला आदल्या वर्षी चार दिवस लागले होते.

३० एप्रिल

नदीपात्रातल्या दोन धोंड्यांमधे दिवसाचा मुक्काम. सामान सोडतो न सोडतो तोच माकडांची टोळी आली आणि मातीची ढेकळं मारू लागली. त्या कालव्यात पात्रातून धावत येणारी माणसं त्याला उशिरा दिसली. ती काही पावलांवरून निघून गेली. नदीकाठचा आडोसा पाण्यासाठी सोयीचा, पण खोऱ्यात माणसांची ये-जाही पात्रातूनच असते. लपायचं तर पाण्यापासून थोडं वर, सोंडेवर, हा यातला धडा. अंधार पडेपर्यंत तो हलला नाही आणि मग रात्रभर अगलाड धरून वर गेला.

१ मे आणि नागटिब्बा

दिवसा चांगली झोप झाली, संध्याकाळी धीर सुटला. उजेड असतानाच तो निघाला आणि काहीशे यार्डांवरच पाणवठ्यावर एका बाईसमोर उभा राहिला. बाई किंचाळली, घडा टाकून घरांकडे पळाली. याला वाट सोडून घळीत घुसावं लागलं. दिशा बरोबर होती, पण खड्या चढाचा तो वळसा काही तास खाऊन गेला. अर्ध्या तासाची घाई एवढी महाग पडली. संध्याकाळी पाणवठ्यावर गर्दी असते हे आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यात राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

पुढे नागटिब्बा, ३,०२२ मीटर. आज पंतवाडीहून किंवा देवलसारीहून दोन दिवसांत हा ट्रेक होतो आणि हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे गट तिथं एकमेकांना ओलांडत असतात. तेव्हाचा वरचा भाग म्हणजे बांज, बुरांश आणि देवदाराचं निर्मनुष्य जंगल. पहाटेच्या अंधुक उजेडात पंधराएक फुटांवरच्या फांदीवर बिबट्या बसलेला दिसला. हाररकडे हत्यार एकच: छावणीतल्या लोहाराकडून करून घेतलेला लांब सुरा, काठीत लपवलेला. बिबट्यावर त्याचा उपयोग शून्य. न थांबता, न पळता चालत राहणं एवढंच त्यानं केलं, आणि ते बरोबर होतं.

२ ते ९ मे, भागीरथीचं खोरं

नागटिब्ब्याची धार उतरली की उत्तरेला भागीरथीचं खोरं. उत्तरकाशी, भटवाडी, गंगनानीचे गरम पाण्याचे झरे, सुक्कीचा चढ, हर्षिल, धराली, भैरोंघाटी. आज ही यादी बसच्या पाटीवर मावते. तेव्हा ही यात्रेकरूंची पायवाट होती आणि मुक्कामाला चट्ट्या. गंगोत्रीची दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात, ती त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येऊन गेली होती. म्हणजे वाट नुकतीच माणसांनी भरू लागली होती.

दोन गटांनी दोन उलट युक्त्या वापरल्या त्या इथं तपासता येतात. चौघे हमरस्त्यानं गेले, हारर रात्रीच्या अंधारात आडवाटेनं. रात्री चालणाऱ्याला मात्र उत्तरकाशीसारख्या वस्तीतून जाताना कुत्री नडतात. एक भुंकलं की गाव जागं होतं, आणि रात्री हिंडणारा माणूस चोरच ठरतो. खोरं वर अरुंद होत जातं आणि वाट एकच उरते, त्यामुळे वळसा घ्यायलाही जागा राहत नाही. पळून जाणाऱ्यानं रात्रीच चालावं, हे सरसकट खरं नाही. खालच्या मोकळ्या खोऱ्यात ते शहाणपणाचं, वरच्या अरुंद खोऱ्यात तेवढं नाही.

भैरोंघाटीला जाडगंगा भागीरथीला मिळते. नेलांग वीस-पंचवीस किलोमीटर वर. नेलांगची जुनी व्यापारी वाट कड्याच्या पोटातून काढलेल्या लाकडी गल्लीतून, गरतांग गलीतून जायची. १९६२ नंतर ती बंद पडली आणि दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये फिरायला खुली झाली. कड्यातून खाली जाडगंगा पाहिली की पाठीवर सॅक घेऊन हा टप्पा पार करणं म्हणजे काय, ते कळतं.

नेलांग

उंची साधारण ३,४०० मीटर. गावातले ‘जाड’ जमातीचे लोक हिवाळा खाली डुंडाच्या बाजूला काढायचे आणि उन्हाळ्यात जनावरांसह वर यायचे, म्हणून मेच्या सुरुवातीला घरं ओस. लपायला उत्तम, शिधा मिळवायला निरुपयोगी. इथंच आदल्या वर्षी हाररची वाटचाल संपली होती.

या टप्प्यात पाचही जण पुन्हा एकत्र आले आणि लगेच चार झाले. साटलरला उंचीचा त्रास सुरू झाला होता. डेहराडून साडेसहाशे-सातशे मीटरवर, तिथून दहा-बारा दिवसांत इथवर, तेही अर्धपोटी आणि ओझ्यासकट. शरीर कुरकुरणारच. त्यानं परत फिरायचं ठरवलं. बाकीच्यांचा माग निघू नये म्हणून दोन दिवस तरी कुणाच्या हाती लागायचं नाही, असं त्यानं कबूल केलं.

नेलांग आणि शेजारचं जाडुंग १९६२ मध्ये रिकामी करण्यात आली. तिथली कुटुंबं बगोरी-डुंडाला स्थायिक झाली. परवाना काढला तर भारतीय पर्यटकाला दिवसापुरतं नेलांगपर्यंत जाता येतं. 

नेलांगहून सात दिवस

हद्दीची खिंड गाठायला चौघांना सात दिवस लागले, आणि त्यातले तीन चुकीचे. तिरपाणी हा जाडगंगेच्या वरच्या अंगाचा व्यापाऱ्यांचा नेहमीचा तळ. तिथून पुढे तीन खोरी फुटतात. त्यांनी सर्वांत पूर्वेचं धरलं.

असं का होतं, हे हिमालयात चाललेल्याला समजेल. मेमध्ये वरची कुरणं अर्धी बर्फाखाली असतात. वर्षाचा काफिला अजून गेलेला नसतो, म्हणजे ताजी लेंडकं नाहीत, पावलं नाहीत, फक्त गेल्या साली धुरानं काळे झालेले चुलीचे दगड. नकाशा लहान प्रमाणाचा असला की तीन खोरी तीन केसांसारखी दिसतात. अशा वेळी माणूस रुंद, सोप्या दिसणाऱ्या खोऱ्यात शिरतो. शंका यायला एक दिवस जातो, ती खरी करायला दुसरा, परतायला तिसरा.

खात्री करण्यासाठी आउफश्नाइटर आणि हारर सुमारे १८,००० फुटांच्या एका डोंगरावर चढले. तिथून तिबेट पहिल्यांदा दिसलं, आणि आपण भलत्याच खोऱ्यात आहोत हेही. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. तिरपाणीला परत आल्यावर कळलं की हवी ती खिंड तिथून अगदी जवळ होती.

या चुकीची किंमत पिठात मोजावी लागली. चौघांचे तीन दिवस म्हणजे बारा माणसांचा एका दिवसाचा शिधा, पाऊण किलोच्या हिशेबानं नऊ किलो. तो सॅकमध्ये नव्हताच, तेव्हा रोजचा वाटा कापला गेला.

१६ मे

तिरपाणीहून वाट हळूहळू चढत कुरणातून जाते. खाली कानठळ्या बसवणारी जाडगंगा इथं गवतातून वाहणारा ओढा होते. रानमेंढ्यांचा कळप समोरून गेला. बंदूक नसल्यामुळे तो नुसता बघायचा. खिंडीच्या पायथ्याशी हिंदुस्थानातला शेवटचा मुक्काम पडला. आडोशाला एक दगडी भिंत, बाकी वारा.

जेवण म्हणजे उरलीसुरली कणीक पाण्यात कालवून तापलेल्या दगडांवर भाजलेल्या जाड्या भाकऱ्या. याशिवाय दुसरं काही शिजलंही नसतं. एवढ्या उंचीवर पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ तासन् तास ठेवली तरी कचकचीत राहते, आणि झाडोरा संपल्यामुळे सरपण म्हणजे खुरटी झुडपं आणि सुकं शेण. दगड आधी तापवून घेतला की तेवढ्याच जाळात पीठ भाजून निघतं. फक्त मधे ते कच्चं राहतं आणि पोटात दुखतं. भाकरी पातळ थापायला हवी, पण गारठलेल्या बोटांनी ती पातळ होत नाही.

१७ मे

त्सांगचोक-लाच्या माथ्यावर चौघे उभे राहिले. नकाशाप्रमाणे उंची १७,२०० फूट, म्हणजे सव्वापाच हजार मीटर. खिंडीपलीकडे ब्रिटिशांचा अटक-हुकूम चालत नव्हता. प्रेमनगरच्या फाटकापासून एकोणिसावा दिवस, आणि पिठाची पिशवी रिकामी.

पलीकडचं पहिलं गाव कासापुलिंग, सहा घरांचं. तिथं कुणी काही विकायला तयार होईना, कारण परवान्याशिवाय आलेल्या परदेशी माणसाला थारा देण्याची तिबेटात मनाई होती. पुष्कळ हुज्जत घालून, अव्वाच्या सव्वा किंमत मोजून एक बोकड मिळाला. पुढे त्सापारांगहून आणि शांगत्सेहून अधिकाऱ्यांनी त्यांना शिपकी खिंडीकडे, म्हणजे पुन्हा हिंदुस्थानच्या दिशेनं पिटाळलं. दरम्यान ट्राइप्ल कंटाळून परत फिरला. बाकीचे तिघे वळसा घालून पुन्हा तिबेटात शिरले आणि गारटोकला त्यांना पूर्वेकडे जाण्याचा परवाना मिळाला. कॉपनं त्रादूनहून नेपाळची वाट धरली आणि तिथून त्याला हिंदुस्थानात ब्रिटिशांच्या स्वाधीन करण्यात आलं. उरलेले दोघे क्यीरोंगमध्ये १९४५ च्या नोव्हेंबरपर्यंत थांबले आणि मग भर हिवाळ्यात चांगथांगच्या पठारावरून ल्हासाकडे निघाले.